शब्दच नाहीत, तर 'चाल' कशाची?

तितूरकाठ:
एका शब्दावर अडले आहे, म्हणून विचारते. मी चाळीसगावला राहते, शाळेत गणित शिकवते आणि गेली सहा वर्षं संध्याकाळी पियानोवर स्वतःचं काहीबाही बांधत बसते. कुणाकडे शिकले नाही. लहानपणी आजोबांची पेटी होती, तेवढीच पुंजी. मागच्या महिन्यात गावातल्या एका कार्यक्रमात माझं स्वतःचं वाजवायचं होतं. निवेदनासाठी चार ओळी मागितल्या. मी लिहिलं, 'त्या हौसेने पियानोवर चाली बांधतात.' कागद परत आला तेव्हा 'चाली बांधतात' खोडून वर लाल शाईने 'संगीतरचना करतात' केलेलं. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "चाल गाण्याला लावतात. तुमच्याकडे शब्दच नाहीत, तर चाल कशाची?"

मला तिथे काही बोलता आलं नाही. पण आजोबा पेटीवर बोटं फिरवताना एखादी सुरावट सापडली की म्हणायचे, "चाल झकास आहे, हिला शब्द बघायला पाहिजेत." म्हणजे चाल आधी, शब्द मागून. आजोबांचं चुकत होतं का? की हा आपल्या खान्देशातलाच वापर?

धुळेकर:
ताई, दुरुस्ती बरोबर आहे. चाल म्हटलं की 'कशाची' हा प्रश्न आपोआप येतो. अभंगाची, आरतीची, लावणीची. नुसत्या वादनाला आपल्याकडे 'गत' आहे, 'धून' आहे. हे दोन्ही नको असतील तर 'स्वररचना' म्हणा. सरळ, स्वच्छ मराठी शब्द आहे. चांगला शब्द हाताशी असताना ढिलाई कशाला?

जातं:
मला हे पटत नाही. माझं माहेर आसोद्याजवळचं. आजी पहाटे दळायला बसायची तेव्हा खुंट्याला हात लागला की आधी नुसता सूर निघायचा. दोन-तीन फेरे तसेच जायचे, मग शब्द. रोजचे शब्द वेगळे. कधी भावाचे, कधी शेताचे, कधी सासूची कागाळी. चाल मात्र तीच, तिच्या आईकडून आलेली. बहिणाबाईंची गाणी अशीच जात्यावर आणि शेतात झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली आणि पुस्तक 1952 साली आलं, त्या गेल्यावर. शब्द त्यांचे, पण ओवीची चाल त्यांच्या आधीपासून बायकांच्या गळ्यात होती. शब्दांच्या आधी चाल असू शकते याला आणखी पुरावा कोणता हवा?

काळी चार:
जातंताईंना दुजोरा. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. 1880 च्या 'संगीत शाकुंतल'पासून ही रीत. म्हणजे चाल एका गाण्यातून काढून दुसऱ्याला देता येते. जी वस्तू काढता-घालता येते, तिला स्वतःचं अस्तित्व असणारच.

पण खरी गंमत क्रियापदात आहे. मी पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय. आम्ही 'चाल काढली' म्हणतो तेव्हा ऐकलेलं गाणं पेटीवर शोधून वाजवलेलं असतं. 'चाल लावली' म्हणजे समोर शब्द आहेत, त्यांना सूर दिले. 'चाल बसवली' म्हणजे मंडळींकडून घोटून घेतली. आणि 'चाल बांधली' म्हणजे मुळात नव्हती, ती केली. ताईंनी 'बांधतात' लिहिलंय. खोडणाऱ्यांनी ते 'लावतात' असं वाचलं.

धुळेकर:
क्रियापदांचा भेद मान्य. छान मांडलात. पण जातं काय, नाटक काय, दोन्हीकडे चाल शब्दांचीच वाट बघत असते. शेवटी तिच्यात शब्द येतातच. ताईंच्या पियानोत ते कधीच येणार नाहीत. हा फरक तुम्ही दोघंही बाजूला सारताय.

तितूरकाठ:
धुळेकर दादा, तुमचा मुद्दा मला दिवसभर छळत होता. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण देते.

मे महिन्यात इथे काय उकडतं ते तुम्हाला सांगायला नको. खिडकीत कूलर, आणि त्याची मोटर रात्रभर एकाच सुरात घुमते. एकदा त्या आवाजाशी पियानोची पट्टी जुळवून पाहिली, तर पांढरी पाचच्या, म्हणजे 'सा'च्या पांढरी एकपासून मोजलेल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर लागली. (नंतर कळलं, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटरची घूं 100 हर्ट्झच्या आसपास येते आणि खालची पांढरी पाच 98 ची. बारीकसा फरक कानाला टोचतो तो यामुळे.) मग डाव्या हाताने तीच पांढरी पाच धरून ठेवली आणि उजव्या हाताने तिच्याभोवती फिरत राहिले. टाकीतलं पाणी संपत आलं की पंप मध्येच गुळण्या केल्यासारखा वाजतो, तो तुटक ठेका पण आत आला. तीन आठवडे रोज थोडं थोडं. वहीत भातखंडे पद्धतीने, म्हणजे सा-रे-ग-म अक्षरांत, लिहून ठेवते. वरच्या ओळीत उजवा हात, खालच्या ओळीत डावा, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वरांखाली टिंबं.

याला कधी शब्द लागणार नाहीत. पण हे चालतं, दादा. एका जागेवरून निघतं, अडखळतं, पुन्हा चालायला लागतं. घोड्याची चाल, माणसाची चाल म्हणतो ना आपण? 'स्वररचना' म्हटलं की ते बसून राहिल्यासारखं वाटतं.

काळी चार:
अगदी! आणि पियानोला हे जास्तच लागू. पेटीवर पट्टी कितीही जोरात दाबा, सूर तेवढाच येतो, कारण जोर भात्यात असतो. पियानोत पट्टीमागे हातोडी आहे, बोट जसं पडेल तसा आवाज. इटलीत क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमाराला हे वाद्य केलं, तेव्हा नाव दिलं तेच मुळी 'हळू आणि जोरात वाजणारं' अशा अर्थाचं. त्यातला 'हळू' तेवढा उरला. हळू, जड, लगबगीची, ही सगळी चालीचीच विशेषणं.

रेल्वेलाईन:
भुसावळहून. तुम्ही सगळे 'चाल'वर भांडताय, मला त्या वाक्यातला 'हौसेने' जास्त खुपतो. हौशी म्हटलं की लोक मनातल्या मनात 'म्हणजे कच्चं' असं जोडून टाकतात. बोरोदिन हा रशियन माणूस पेशाने रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी सांभाळून सुट्टीत संगीत लिहायचा. त्याला कुणी कच्चा म्हणेल का? ताई, 'हौसेने' काढून टाका.

धुळेकर:
असहमत. हौस हा सुंदर शब्द आहे. 'हर्ष'वरूनच आलेला. त्यात कच्चेपणा कुठून आला?

रेल्वेलाईन:
हर्षवरून नाही हो. अरबी 'हवस'वरून. हिंदीत तो शब्द वाईट अर्थाने राहिला, मराठीत चांगला झाला, एवढंच.

धुळेकर:
माझ्या वडिलांनी मला हर्षच सांगितला होता आणि मला तोच पटतो. 'हर्ष'चा 'हरीख' होतो, तसा 'हौस' का होऊ नये?

जातं:
दादा, होऊ नये असं नाही, झालेला नाही एवढंच! आणि हवसवरून आला म्हणून तो परका कसा? आपली 'बंदिश' फारसीच आहे की. तुमच्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 ला वारले. जुन्या पत्रांतले फारसी शब्द किती, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. ते शब्द गाळले तर ती पत्रं वाचताच येणार नाहीत.

आता माझा विचार. हौस नको असेल तर 'नाद' घ्या. 'हिला पियानोचा नाद आहे.' आवाजालाही नाद, वेडालाही नाद. 'छंद' तसाच, कवितेचाही आणि फावल्या वेळचाही. दुसऱ्या कोणत्या भाषेत एवढं फुकट मिळतं?

काळी चार:
नाद एकदम पक्का. पण निवेदनात म्हणता येईल का? 'ह्यांना पियानोचा नाद आहे' ऐकून प्रेक्षकांतले काका लोक घरच्यांची चौकशी करतील.

तितूरकाठ:
जातंताई, नाद मला फारच आवडला. घरी सासूबाई म्हणतातच, "तिला त्या पेटीचा नाद लागलाय." त्यांच्या लेखी पियानो पण पेटीच. आणि शेजारची मुलं त्याला कॅसिओ म्हणतात, लग्नाच्या बँडच्या गाडीवर असतो तसा.

धुळेकर दादा, मला अजून 'चाल'च म्हणावंसं वाटतं, पण तुमची शंका पूर्ण गेलेली नाही हे कबूल करते. आता नवी अडचण. उजव्या हाताची चाल, मग डाव्या हाताला काय म्हणू? आजोबांच्या पेटीवर हा प्रश्नच नव्हता, डावा हात भात्यावर. ओळखीचे वादक 'कॉर्ड धरणं', म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबणं, म्हणतात, पण मी कॉर्ड धरत नाही, एकच सूर धरते. 'साथ' म्हणावं तर ती दुसऱ्या माणसाची असते.

जातं:
तुमचा कूलर म्हणजे आमचं जातंच की. आजीच्या गाण्याखाली ते घरघर करायचं आणि ती त्याच्यावर सूर सोडायची. डाव्या हाताला 'घरघर' म्हणा.

धुळेकर:
घरघर?! 'घरघर लागली' कशाला म्हणतात ते विसरलात? शेवटचे श्वास. चांगल्या संगीताला हा शब्द कृपा करून लावू नका.

जातं:
दादा, आमच्याकडे आधी जात्याची घरघर, मग माणसाची. पहाटे ती ऐकू आली की घर जागं झालं असं वाटायचं. मला त्यात मरण कधीच ऐकू आलं नाही.

काळी चार:
'खर्ज' चालेल का? भजनात आम्ही 'खर्ज धर' म्हणतो.

तितूरकाठ:
खर्ज म्हणजे सा ना? मी कधी कधी पंचमच धरून बसते, मग खर्ज कसं म्हणू? जातंताई, एक विचारायचं राहिलं. आजीची ओवीची एक ओळ जात्याच्या किती फेऱ्यांत पूर्ण व्हायची? एका की दोन? आठवत असेल तर सांगा. आज रात्री डाव्या हाताने तसं फिरवून बघते.