एक्झॉस्टची चिन्हं शिकायला काय घेऊ? बजेट ५०० रुपये

चाकण_मेंटेनन्स:
मंडळी, पॅकिंग मशीनवर मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचता येतं, पण न्यूमॅटिक (दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) सर्किटमधे एक्झॉस्टपाशी, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सुटते तिथे, गाडी अडते. कुठे त्रिकोण व्हॉल्व्हच्या चौकटीला चिकटलेला, कुठे छोट्या रेघेच्या टोकाला. नंबर पण दोन, ३ आणि ५. पुस्तक, कोर्स, काहीही सुचवा पण ५०० च्या आत.

हवा_पाणी:
सेकंडहँड ट्रेनर किट घे डोळे झाकून. मी १८ हजाराला घेतलं, घरी टेबलावर बसवलंय, पोरगा पण शिकला. पुस्तकाने काही होत नाही.

जुना_फिटर:
अहो तो ५०० म्हणतोय. हे बघ, त्रिकोण चौकटीला चिकटलेला असेल तर हवा तिथूनच थेट बाहेर, त्या भोकाला आटे नसतात. रेघेच्या टोकाला असेल तर आटे आहेत, सायलेन्सर नाहीतर ट्यूब लावता येते. आणि टोक कुठे वळलंय ते बघत जा, सप्लायचा त्रिकोण पण पोकळच असतो पण त्याचं टोक सर्किटकडे, एक्झॉस्टचं बाहेर.

डिप्लोमा_नाशिक:
फ्लुइडसिम शिका, सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर. लाइनचा रंग बदलतो तेव्हा हवा कुठून सुटली ते लगेच दिसतं. कंपनीकडे लायसन्स मागा, देतात.

शिफ्ट_बी:
आमची कंपनी साधे हातमोजे देत नाही वेळेवर, लायसन्स कुठलं 😡 आणि नंबरबिंबर सोडा, आमच्या जुन्या मशीनवर आर आणि एस लिहिलंय, अक्षरंच बरी.

जुना_फिटर:
अक्षरं मेकप्रमाणे बदलतात, कुठे आर-एस, कुठे ईए-ईबी. नंबर सगळीकडे सारखे. ५/२ मधे, म्हणजे पाच पोर्ट (हवेची तोंडं) आणि दोन स्थितींच्या व्हॉल्व्हमधे, १ सप्लाय, २ आणि ४ सिलेंडरकडे, ४ ची हवा ५ मधून सुटते, २ ची ३ मधून. म्हणजे ४ सिलेंडरच्या मागच्या बाजूला जोडलंय आणि रॉड बाहेर येताना सुस्त झालाय, तर पहिला ३ चा सायलेन्सर बघायचा. आतलं ब्राँझ तेल-धुळीने काळं चिकट झालेलं सापडतं. सप्लाय बंद करून लाइनमधली हवा सोडल्याशिवाय स्पॅनर लावू नको.

लाइन_नं_४:
आमच्याकडे आवाज होतो म्हणून एकाने एक्झॉस्टला प्लगच मारला, सिलेंडर अर्ध्यातच अडकला, लोकांनी नवा व्हॉल्व्ह मागवला, दोन शिफ्ट पाण्यात. ड्रॉइंगमधे पोर्ट बंद असेल तर चौकटीच्या आत टी सारखी आडवी रेघ असते. तिथे त्रिकोण शोधत बसू नका.

गंजलेला_बोल्ट:
त्रिकोण पोकळ म्हणजे हवा. भरीव म्हणजे हायड्रॉलिक. एवढं पाठ केलं की झालं.

हवा_पाणी:
किटवर हे सगळं एका रविवारात कळतं. परत सांगतो, घ्याच.

चाकण_मेंटेनन्स:
सगळ्यांचे आभार, जुना_फिटर दादांचे जास्त. किट नको, सॉफ्टवेअर नको, पुस्तक पण राहू दे. जुन्या बाजारातून एक निकामी ५/२ आणतो, खोलून स्पूल (आतला सरकणारा दांडा) हाताने सरकवून बघतो आणि शेजारी कागदावर चिन्ह काढतो.

लाइन_नं_४:
बाजारात कशाला पैसे घालवतोस, स्टोअरच्या भंगारात विचार, असे ढिगाने पडलेले असतात. स्प्रिंगच्या बाजूचं टोपण खोलताना चष्मा घाल.