कॉलेज क्वार्टरबॅकची थ्रोइंग अ‍ॅक्शन बघून तो सुधारेल का हे कसं ओळखायचं?

मंडळी, अमेरिकन फुटबॉल बघणारं आहे का कोणी इथे? मी क्रिकेटवर वाढलेला, टेक्सासला येऊन सहा वर्षं झाली, आता शनिवार सगळा कॉलेज फुटबॉलला जातो, बायको वैतागलीये पण ते असो.

तर आमच्या इथल्या टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) सेकंड इयरचा पोरगा आहे, हात म्हणजे तोफ, पण दहा यार्डाचा सोप्पा पास, अंगावर कोणी आलेलं नाही, तरी रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो. रेकॉर्डिंग स्लो करून बघितलं तर पुढचा पाय फारच लांब टाकतोय, वजन मागेच राहतं आणि बॉल वर सुटतो. शिवाय फेकायच्या आधी बॉल पार कमरेपर्यंत खाली नेतो, क्वार्टरबॅक टिम टीबोसारखा. टीबोला 2007 ची हाइजमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली, पण ती लांबलचक अ‍ॅक्शन एनएफएलमध्ये (प्रोफेशनल लीग) नडली, करिअर कम्प्लीशन (झेलले गेलेले पास) 47.9 टक्के.

ऑफिसात मी छातीठोकपणे सांगून बसलोय की पोरगा सुधारणार, कारण क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन. त्याचं कम्प्लीशन कॉलेजात वायोमिंगला 2016 आणि 2017 दोन्ही वर्षं 56 टक्क्यांच्या आसपास, एनएफएलमध्ये बफेलोला पहिल्या वर्षी 52.8, मग 58.8 आणि 2020 ला एकदम 69.2! तर मित्र म्हणतो अँथनी रिचर्डसनचं काय, फ्लोरिडाला 53.8, तरी 2023 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडतात तिथे) चौथा पिक, आणि 2024 ला एनएफएलमध्ये 47.7. दोघं धिप्पाड, दोघांचा हात तोफ. मग कॉलेजच्या टेपमध्ये (मॅचच्या रेकॉर्डिंगमध्ये) नक्की काय बघायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
टक्के बाजूला ठेवा, चुकलेले पास बघा. एकाच बाजूला, एकाच पद्धतीने चुकत असतील तर कारण एकच असतं आणि ते दुरुस्त होतं. कधी वर कधी खाली कधी मागे असं असेल तर अवघड. पाय सुधारतात, अ‍ॅलनचंही मुख्य काम पाय आणि कमरेवरच झालं, हाताचं वळण मात्र लहानपणापासूनचं असतं (मलिंगाला कोणी सरळ हाताने टाकायला लावलं असतं तर?). आणि 2020 ला बफेलोत डिग्जसारखा तगडा रिसीव्हर आला होता हे विसरू नका, सगळं श्रेय मेकॅनिक्सला (फेकायच्या तंत्राला) देऊ नका. रिचर्डसनने कॉलेजात जेमतेम 13 मॅचेस स्टार्ट केल्या होत्या, एवढ्यावरून पॅटर्न तरी काय दिसणार.

धागाकर्ता:
धन्यवाद! रात्री बसून तीन मॅचेसचे चुकलेले पास परत बघितले. जवळपास सगळे वरूनच गेलेत आणि बहुतेक डावीकडे फेकताना, उजव्या हाताचा आहे, कंबर वळतच नाही. म्हणजे पायाचं मी जिंकतोय, पण कमरेपर्यंत जाणाऱ्या त्या बॉलचं सोमवारी मित्राला काय सांगू?