भूलतज्ज्ञांचं आधी विचारून ठेवा

बाळंतपणाच्या वेदनांचा विषय निघाला की अनेकजणी म्हणतात, 'कळा सुरू झाल्यावर बघू, सहन नाही झालं तर एपिड्युरल घेऊ'. एपिड्युरल म्हणजे भूलतज्ज्ञ पाठीतून देतात ते वेदना कमी करणारं औषध. मोठ्या शहरात हे म्हणणं ठीक आहे. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक छोट्या दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. मध्यरात्री येतील का, हे आठव्या महिन्यातच स्पष्ट विचारा. आणि एपिड्युरल मागण्यात कमीपणा अजिबात नाही.

बाळंतपणात जवळ कोण थांबणार, त्या सोबतीचं मात्र सहसा कुणी बोलत नाही. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात (२०१७) प्रसूतीवेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, असं आहे. वहिनीच्या वेळी आई आत होती. कळ आली की वहिनी खाटेची दांडी धरून वाकायची आणि आई कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, तळव्याने घट्ट दाबून धरायची. हात सैल झाला की वहिनी ओरडायची, "आई, सोडू नका!" दुखणं जात नाही त्याने, पण कळ निभावते. सोबत कोण थांबणार, तेही दवाखान्यात आधीच सांगून ठेवा.