'वेल-बीइंग'ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती: मैत्रिणीची एक प्रश्नावली मराठीत करून देतेय. १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. व्यक्तिमत्त्व आणि मूल्यं यांचा 'वेल-बीइंग'वर काय परिणाम होतो, असा विषय. शेवटच्या शब्दावर गाडी अडलीय. सरकारी मराठीत 'कल्याण' असतं, पण 'तुमचं कल्याण कितपत आहे?' असं विचारलं तर डोंबिवलीचा मुलगा 'इथून दुसरं स्टेशन' म्हणेल. शिवाय 'झालं कल्याण!' आपण कधी म्हणतो ते ठाऊकच आहे. 'आनंद' क्षणभराचा, 'सुख' फार भारदस्त.

जुनी वही: 'स्वास्थ्य' घ्या. हिंदीत त्याचा अर्थ आरोग्य, आणि हल्ली आपल्या पाट्यांवरही तोच उतरलाय. पण 'जिवाला स्वास्थ्य नाही' म्हणणाऱ्या आजीला कुणी थर्मामीटर लावत नसे. 'योगक्षेम'ही सुंदर आहे: न मिळालेलं मिळणं हा योग, मिळालेलं टिकणं हे क्षेम. पंचविशीच्या आतल्यांचं सगळं गाऱ्हाणं त्यात मावतं.

धागाकर्ती: योगक्षेम आवडला, पण मुलं एलआयसीची पॉलिसी समजतील!

खडूफळा: मला 'मूल्य' जास्त खटकतंय. आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशी दहा मूल्यं घोकून घेत. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२मध्ये मांडलेली मूल्यंही दहाच, पण त्यांत सत्ता आहे, सुखोपभोगही आहे! त्यांच्या लेखी मूल्य म्हणजे माणसाला जे महत्त्वाचं वाटतं ते, मग ते चांगलं असो-नसो. आपल्याकडे मूल्य म्हणजे जे असायलाच हवं ते. 'सत्ता हे तुमचं मूल्य आहे का?' याला कोण 'हो' म्हणेल? पोरं परिपाठातली उत्तरं लिहून मोकळी होतील. आणि नेमकं तिथेच तर बघण्यासारखं असतं. सागिव आणि श्वार्ट्झ यांनी २०००मध्ये मानसशास्त्र आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं तेच आजूबाजूलाही मानलं जात असेल, तर माणूस जास्त बरा असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मूल्य चांगलं की वाईट एवढ्यावर भागत नाही, ते कुठल्या वर्गात घेऊन बसलात हेही आलं. तेव्हा 'मूल्य' गाळा आणि 'तुला कशाचं मोल वाटतं?' असं विचारा. शब्द त्याच मुळातला, पण उपदेशाचा वास नाही.

जुनी वही: मोल झकास! त्याच न्यायाने 'व्यक्तिमत्त्व'ही काढा. क्लासवाल्यांनी त्याचा अर्थ टाय आणि हस्तांदोलन करून ठेवलाय. साधा 'स्वभाव' बरा. काळजी करत राहण्याचा स्वभाव असला की स्वास्थ्य कमी भरतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. फक्त 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण मनातून काढा, कारण विशीत-तिशीत स्वभाव हळूहळू बदलतो असंही दिसतं.

धागाकर्ती: स्वभाव, मोल, स्वास्थ्य असं ठरवून काल एकोणीस वर्षांच्या भाच्याला पहिला प्रश्न दिला: 'गेल्या दोन आठवड्यांत मन स्वस्थ होतं का?' त्याने पेन थांबवलं. 'मावशी, स्वस्थ म्हणजे नुसता बसून होतो का, असं? परीक्षा होती गं माझी!' आता लिहिलंय, 'गेल्या दोन आठवड्यांत मनाला बरं वाटत होतं का?' त्यावर काही न विचारता त्याने खूण केली.