टकटक वाजतंय म्हणून लगेच सोलेनॉइड बदलू नका

गाडी सुरू करायला चावी फिरवल्यावर नुसती टकटक झाली तर सोलेनॉइड (स्टार्टर मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) गेलाच, असं म्हणतात. अर्धंच बरोबर. आत दोन कॉइल असतात. प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) ओढणारी कॉइल मोटरमधून अर्थ होते, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाते. प्लंजर आत जाऊन तांब्याची चकती दोन जाड बोल्टना (एक बॅटरीकडचा, एक मोटरकडचा) टेकली की या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि ती गप्प बसते. मग सगळा भार प्लंजर धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या कॉइलवर. बॅटरी उतरलेली असेल तर मोटरने करंट खेचताच व्होल्टेज कोसळतो, प्लंजर सुटतो, पुन्हा ओढला जातो. तीच ती भराभर टकटक. बिचाऱ्या सोलेनॉइडचा काही दोष नसतो.

एकच ठाम 'टक्' आणि पुढे शांतता, हे प्रकरण वेगळं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मल्टिमीटरच्या पिना दोन जाड बोल्टवर. आधी १२ व्होल्टच्या आसपास दिसेल. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा जवळपास शून्यावर आला तर चकती टेकतेय, मोटर, केबल, अर्थ बघा. 'टक्' होऊनही १२ च राहिला तर चकती जळलेली. माझ्या जुन्या जीपमध्ये हेच झालं होतं. मेकॅनिक पूर्ण स्टार्टर बदला म्हणत होता. मी सोलेनॉइड उघडला, चकतीची एक बाजू काळी, खड्डे पडलेली. उलटी करून बसवली, पुढची दोन वर्षं तक्रार नाही. (हल्लीचे बरेच सोलेनॉइड सीलबंद येतात, तिथे हा जुगाड चालत नाही.)