रेसची वही कशी तपासायची, दर बेटला किती लावायचं?

गोदाकाठ
नाशिकहून महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेसला जाणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एकच आकडा असतो: हंगामाअखेर हातात काय उरलं. निवड चांगली होती की रक्कम नशिबाने योग्य घोड्यावर जास्त पडली, हे त्यातून कळत नाही. आधी प्रत्येक बेट 100 रुपयांचीच होती असं धरून हिशेब पुन्हा मांडा. तिथेच तोटा निघाला तर रक्कम लावण्याची कुठलीही पद्धत तो भरून काढणार नाही.

रकाने: घेतलेला भाव, शर्यत सुटतानाचा भाव, स्वतः धरलेली शक्यता, रक्कम, निकाल. गाडीभाडं, प्रवेश आणि रेसबुक वेगळं लिहा. 6/1 ला (जिंकल्यास 1 रुपयाला 6 रुपये नफा) घेतलेला घोडा वारंवार 4/1 ला सुटत असेल तर निवडीत दम आहे. (टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, शेवटचाच डिव्हिडंड (वाटा) मिळतो, त्यामुळे ही तुलना स्वतः भाव देऊन बेट घेणाऱ्या बुकमेकरच्या भावालाच लागू.)

रकमेबद्दल माझं मत ठाम आहे: भांडवलाच्या 1 टक्का, सगळ्यांवर सारखी.

सातपूरकर
सारखी रक्कम पटत नाही. दोन्ही घोडे 4/1, एकाची शक्यता 23 टक्के, दुसऱ्याची 28, तरी दोघांवर तेवढेच? भांडवलाचा किती भाग लावायचा हे सांगणारं जॉन केलीचं 1956 चं सूत्र यासाठीच वापरतात: भाव गुणिले शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, मग भागिले भाव. पहिल्याला 0.92 वजा 0.77, म्हणजे 0.15, भागिले 4, म्हणजे 3.75 टक्के. दुसऱ्याला 10 टक्के.

गोदाकाठ
ते 23 आले कुठून? खरी शक्यता 21 असेल तर सूत्र फक्त 1.25 टक्के सांगतं आणि तुम्ही तिप्पट लावताय. केलीच्या सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या दुपटीपुढे गेलं की निवड फायद्याची असूनही भांडवल झिजत जातं. 21 की 23 हे वहीतून लवकर ठरतही नाही. 4/1 च्या 200 बेटच्या परताव्यात नुसत्या योगायोगाने 14 टक्क्यांचा फरक सहज पडतो. तो 5 टक्क्यांवर यायला 1,600 बेट लागतात.

सातपूरकर
म्हणूनच पाव केली, म्हणजे सूत्राच्या उत्तराचा चौथा भाग, लावायची. 50,000 भांडवलावर पहिल्याला साधारण 470, दुसऱ्याला 1,250. अंदाज थोडा चुकला तरी निभावतं.

हरल्यावर दुप्पट करणाऱ्यांना मात्र आपण दोघंही नाहीच म्हणू. 100 पासून सुरुवात केली तर सलग 10 हारांत 1,02,300 जातात. 4/1 च्या घोड्यांवर हजार बेटमध्ये सलग 20 हार दोनेकदा येणं अगदी स्वाभाविक आहे.

नाशिकरोडकर
दोघांनीही कर धरलेला नाही. रेसमध्ये जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, वर सेस, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा मिळत नाही. 100 रुपयांच्या 100 बेट, 4/1 भाव, 23 जिंकल्या: आले 9,200, गेले 7,700, नफा 1,500. कर 9,200 वर, म्हणजे 2,760. हातात 1,260 चा तोटा! टीडीएस 10,000 च्या वरच्या जिंकण्यावर कापतात, पण त्याखालचं करमुक्त नाही.

आणि कर वाचवायला चौकातल्या माणसाकडे लावू नका. परवाना असलेल्या रेसकोर्सबाहेरचा तो धंदा बेकायदा आहे, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

सातपूरकर
मुद्दा मान्य. मग सूत्रात 4 ऐवजी 30 टक्के कर जाऊन उरणारे 2.8 घालायचे. 23 टक्क्यांना उत्तर उणे येतं, म्हणजे बेट नाहीच. 28 ला पाव केली सुमारे 0.57 टक्के, 50,000 वर 285 रुपये. सारख्या रकमेच्या नियमाने पहिल्या घोड्यावरही 500 गेले असते.

गोदाकाठ
पहिला घोडा गाळला, ते बरोबर. पण करानंतर बरोबरीचा (ना नफा ना तोटा) आकडा 26.3 टक्के होतो. तुमच्या 28 मध्ये दोन टक्केही शिल्लक नाहीत, आणि एवढी चूक 1,600 बेटनंतरही वहीत दिसत नाही. माझ्या मते दुसऱ्यावरही लावू नये.