'कुंडली फाडा, जीन जुळवा' म्हणे!

पळसफूल:
चार दिवसांत तीन ग्रुपांवर एकच पोस्ट येऊन आदळली. लेखक आपल्यातलेच 'तर्कट' आहेत हे कळलं, म्हणून उत्तर इथेच देते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: छत्तीस गुण बघणं बंद करा, लग्नाआधी रक्ततपासणी सक्तीची करा, रिपोर्ट बायोडेटाला जोडा, आणि ज्यांच्या जीनमध्ये 'दोष' आहे त्यांनी समाजाचा विचार करून लग्नच टाळावं. सिकलसेल आणि थॅलसेमिया हे आईबापांकडून येणारे रक्ताचे आजार, शिवाय संधिवात, सगळं एकाच पिशवीत. खाली दोनशे अंगठे.

कुंडली फाडायला माझीही ना नाही. बायोडेटाचं मात्र ऐका.

मी चंद्रपूरकडची. ताई बारावीला असताना कॉलेजात शिबिर झालं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त नळीत सोडलं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या. वहीत ताईच्या नावापुढे लाल पेनाने 'पॉझिटिव्ह'. ही सोल्युबिलिटी टेस्ट. रक्तात एस, म्हणजे सिकलचं, हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती सांगते. माणूस एएस म्हणजे नुसता वाहक (सिकलचा जीन एकाच पालकाकडून आलेला) की एसएस म्हणजे रुग्ण (दोघांकडून आलेला), त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. नमुना 'वर' पाठवला. वरून काही आलं नाही. गावाने मात्र निकाल लावून टाकला. दोन स्थळं परस्पर परत गेली. तिसऱ्यांच्या घरच्या बाईंनी चहाचा कप बशीत ठेवता ठेवता आईला विचारलं, "पोरीले सिकल हाय म्हन्ते?"

सहा वर्षांनी पदरच्या पैशाने नागपुरात तपासलं. एएस. ताई आज चौतिशीत आहे, एक दिवस आजारी नाही आणि लग्नही नाही. तर्कटराव, तुमचा बायोडेटा आमच्याकडे येऊन गेलाय.

तर्कट:
ताईंबद्दल वाईट वाटलं. पण एका घरची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस मुलाची. हे गणित कोणाच्या भावनांवर चालत नाही. सायप्रसमध्ये चर्च थॅलसेमियाच्या तपासणीचा दाखला घेतल्याशिवाय लग्न लावत नाही आणि तिथे अशी नवी बाळं जवळपास थांबली. छोट्याशा बेटाला जमतं, आपल्याला नाही?

सूक्ष्मदर्शी:
(रक्ताच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं घासली आहेत, म्हणून बोलतो.)
सायप्रसची अर्धीच गोष्ट सांगितलीत. दाखला हातात आल्यावर बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. लग्न केलं, आणि गर्भाची तपासणी करून घेतली. आकडा त्याने खाली आला, लग्न टाळून नव्हे. शिवाय तो दाखला जोडप्याच्या हातात असतो, दोनशे जणांच्या ग्रुपवर नव्हे.

तुमच्या सूचनेसारखा प्रयोग ग्रीसमध्ये होऊन गेलाय. ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलचं प्रमाण बरंच, लग्नं आपल्यासारखीच जुळवून केलेली. गावाची तपासणी केली, समजावलं. काही वर्षांनी बघतात तर वाहक-वाहक जोड्या कमी झालेल्याच नाहीत. लोक वाहक असल्याचं लपवत होते, कारण सांगितलं की स्थळ जात होतं. १९७४ मध्ये हे छापून आलंय. अमेरिकेतही १९७०च्या दशकात सिकलच्या तपासणीच्या सक्तीचे कायदे झाले आणि धडधाकट वाहकांना नोकरी-विम्यात त्रास झाला. त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१पर्यंत वाहकांना दारातच अडवलं.

वर्धेकर:
ग्रीस नको, वर्धा बघा. माझा पोरगा एसएस आहे, नऊ वर्षांचा. आठ महिन्यांचा होता तेव्हा दोन्ही हातांची बोटं भज्यांसारखी फुगली. रात्रभर रडला. डॉक्टर म्हणे मुका मार. आठ महिन्यांच्या लेकराला मुका मार कुठून लागंल? दीड वर्षाचा झाल्यावर कळलं. तेव्हापासून हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, फोलिकची गोळी, वर्षातून दोन-तीनदा भरती. आता लंगडतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झाला म्हणतात. अन् पुस्तकात काय लिहिलंय, भारतातला सिकल सौम्य असतो! या पुस्तकवाल्यांनी एक रात्र आमच्या वॉर्डात काढावी.

लग्नाआधी आम्हा दोघांना एकाने तरी सांगितलं असतं तर? सक्ती पाहिजे, एकदम पाहिजे. तुम्ही काहून बदनामी-बदनामी करून राहिले पुण्यात बसून?

पळसफूल:
मी कुठे बसते ते तुम्ही ठरवू नका, दादा. आमची आई अजून त्याच गावात आहे. आणि सरळ विचारते, कळलं असतं तर वहिनींशी लग्न केलं नसतं?

वर्धेकर:
केलं असतं.
पण दहाव्या-अकराव्या आठवड्यात तपासणी करून घेतली असती. ते तरी हातात राहिलं असतं.

सूक्ष्मदर्शी:
दादांचा सौम्यपणावरचा राग रास्त आहे. आपल्याकडे सिकलच्या जीनचा अरब-भारतीय प्रकार (हॅप्लोटाइप), त्यात गर्भातलं एफ हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच उरतं, म्हणून त्रास कमी असं गृहीत धरलं गेलं. नागपूरच्या मुलांच्या अभ्यासात तसं निघालं नाही, तीव्र रुग्ण भरपूर आहेत. आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला लिंगनिदानाच्या कायद्याची आडकाठी नाही. ते कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकांना "ते बेकायदेशीर आहे" म्हणून परत पाठवतात.

वाकडा कणा:
मूळ पोस्टीत संधिवातही घुसडलाय, म्हणून माझं गाऱ्हाणं. पंचविशीत पहाटे चार वाजता कंबर लाकडासारखी व्हायची. सहा वर्षं 'स्लिप डिस्क, बेडरेस्ट' ऐकलं, आणि या आजारात नेमका बेडरेस्टच वाईट. शेवटी अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, निघाला; त्याच्याशी जोडलेला एचएलए-बी२७ हा जीन पॉझिटिव्ह. धाकट्या बहिणीने घाबरून तीच तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. आज ती बावन्नची आहे आणि गच्चीवर पापड वाळत घालायला माझ्याआधी चढते. या जीनचा आणि आजाराचा संबंध १९७३ पासून माहीत आहे, पण जीन असणाऱ्या बहुतेकांना आजार होतच नाही. तेव्हा बायोडेटावर 'बी२७ पॉझिटिव्ह' लिहिणं म्हणजे नवा मंगळ. सिकलचं गणित इथे लावू नका.

तर्कट:
ठीक. संधिवात यादीतून काढतो. खूश?

वाकडा कणा:
खूश व्हायला मान वर करावी लागते, ती जमत नाही. पण चालेल.

टोल्यावरचा:
तुमचं लग्नाचं चालू द्या. आमच्या टोल्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, तीनदा रक्त नेलंय. एकदा कॉलेजचे लोक आले, एकदा संस्थेचे, एकदा कोण ते आठवतही नाही. दर वेळी पार्ले-जीचा पुडा आणि अंगठा. रिपोर्ट? शून्य. माझी आजी म्हणायची, "डास तरी रोज येतो, हे एकदा पिऊन जातात." कोणाचा प्रबंध झाला असेल आमच्यावर. झाला का, सूक्ष्मदर्शी?

सूक्ष्मदर्शी:
माझा नाही. आणि सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सार्डिनियातल्या आणि इतरांच्या रक्ताच्या अशाच अभ्यासांतून बीसीएल११ए या जीनचा सुगावा लागला, जो एफ हिमोग्लोबिन बंद करतो. त्याचा रक्त बनवणाऱ्या मूळपेशींमधला स्विच क्रिस्परने (जीन कापायच्या तंत्राने) तोडायचा, म्हणजे एफ पुन्हा बनतं; त्यावर सिकलचा उपचार उभा राहिला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. रक्त दिलं नसतं तर हे घडलं नसतं.

टोल्यावरचा:
किंमत लिहा ना.

सूक्ष्मदर्शी:
अमेरिकेत २२ लाख डॉलर. आधी केमो, मग महिनाभर-दीड महिना रुग्णालयात. माहीत आहे मला.

टोल्यावरचा:
उपकेंद्रात फोलिकच्या गोळ्या संपल्या की महिनाभर येत नाहीत, आणि तुम्ही स्विच दाखवता. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी मधुमेहासाठी दिलेलं रक्त विद्यापीठाने भलत्याच अभ्यासांना वापरलं. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली, पैसे मिळाले आणि उरलेलं रक्त परत घेऊन गेले ते. आम्ही कोणाकडे मागायचं? बाटलीवर नाव तरी कोणाचं आहे?

सूक्ष्मदर्शी:
प्रत्येक संशोधक चोर, हाच सूर लावायचा असेल तर मी थांबतो. रात्री अकरापर्यंत नमुने लावलेत मी, पगार वेळेवर नसताना.

पळसफूल:
चोर कोणी म्हणत नाहीये. रिपोर्ट कुठे जातो, एवढं विचारतोय. तुम्ही लावलेला नमुना परत माणसापर्यंत जायचा का?

सूक्ष्मदर्शी:
यादी करून जिल्ह्याला पाठवायचो. पुढे... नाही, पुढचं कधी विचारलं नाही. घ्या, लिहिलं.

वर्धेकर:
१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत सिकल संपवायचा. तपासणीच्या निकालाची कार्डं वाटून राहिले, चांगलं आहे. पण कार्ड हातात देऊन पोरीच्या बापाजवळ दहा मिनिटं बसणारा माणूस लागतो. तो कुठून आणणार? सक्ती म्हणालो होतो मी. तपासणीची सक्ती अजूनही म्हणतो. बायोडेटाचं मागे घेतो.

तर्कट:
म्हणजे सगळ्यांनी मिळून मलाच खलनायक ठरवलं. मी फक्त म्हटलं होतं की कुंडलीपेक्षा रक्त बरं.

टोल्यावरचा:
तुम्ही स्वतः तपासलंय का हो? एएस का एए, म्हणजे साधं?

तर्कट:
आमच्याकडे नसतो तो आजार.

पळसफूल:
हे वाक्य जपून ठेवते आहे. विदर्भात कुणबी-तेल्यांतही निघतो, तर्कटराव. आणि थॅलसेमियाला तर जात विचारायची सवयच नाही.

तर्कट:
(दोन दिवसांनी) तपासून घेतलं. बायकोचंही. रिपोर्ट आलाय.

वाकडा कणा:
आणि?

तर्कट:
इथे लिहिणार नाही.

टोल्यावरचा:
काहून? बायोडेटाला जोडा ना.